कवच कोणाच्या अंगावर?

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यावरचा उपाय सरकारी पैशातून निघावा, हे रास्तच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बंगळुरूची संस्था इनस्टेम आणि सेपिओ हेल्थ ही छोटी कंपनी यांनी केलेले ‘किसान कवच’ 17 डिसेंबर 2024 रोजी जाहीर झाले. कापडाला जोडलेले ऑक्झाइम रसायन ऑर्गनोफॉस्फेट विष कातडीला लागण्याआधीच मोडते. नुसते अडवत नाही, मोडते. कल्पना अस्सल आहे.

तरी बाभुळगावात बसून वाचताना मला दोन शंका येतात. 2017 मध्ये राज्याने तात्पुरती विक्रीबंदी घातलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होते, तसे डायफेन्थियुरॉनही होते. ते ऑर्गनोफॉस्फेट नव्हे. त्याच्यापुढे हे कापड किती टिकते, ते शेतकऱ्याला मराठीत, पाकिटावर सांगायला हवे.

दुसरी शंका पैशाची. किंमत सुमारे 4000 रुपये, दीडशे धुण्यांपर्यंत चालते. म्हणजे वापरामागे सत्तावीस रुपये. महाग नाही. पण पंप पाठीवर घेतो तो पुष्कळदा रोजंदार, आणि कवच घ्यायचे मालकाने! बायरॅकचे ‘बिग’ अनुदान 50 लाखांपर्यंत मिळते, ते कल्पना सिद्ध करायला. सिद्ध झालेली वस्तू मजुराच्या अंगावर पोचवणे त्यात बसत नाही. आपले राज्य फवारणी पंपाला अनुदान देते. त्याच अर्जात कवचाची एक ओळ घालायला काय हरकत आहे?