सबमिट दोनदा दाबलं, चूक कुणाची?

नेकनूरला आठवडी बाजाराच्या दिवशी एखाद्या ऑनलाइन सेवा केंद्रात तासभर बसून बघा. मी सुट्टीत गावी आलो की बसतो. सबमिट दाबलं, गोल फिरतंय, फिरतंय... आणि नेट गेलं. समोरचे काका विचारतात, "भरला का अर्ज?" केंद्रवाला पुन्हा दाबतो. दुसरं करणार काय? मागे अशीच एका काकांची फी दोनदा कापली गेली आणि वर ऐकावं लागलं, "दोनदा कशाला दाबलं?"

यावरचे दोन नेहमीचे उपाय मला पटत नाहीत.

पहिला, 'रिफ्रेश करू नका' अशी सूचना, किंवा क्लिक झाल्यावर बटण बंद करणं. पान पुन्हा उघडलं की बटण पुन्हा चालू! खरी गोची वेगळीच आहे. अर्ज सर्व्हरला पोचतो, नोंदही होते, पण उत्तर परत येताना हरवतं. एचटीटीपीच्या नियमांनुसार 'पुट' विनंती परत पाठवली तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा असायला हवा. फॉर्म सहसा ज्या 'पोस्ट'ने जातो, त्याला ही हमी नाही.

दुसरा उपाय, 'एका आधारला एकच अर्ज'. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता, त्याचंच उदाहरण घ्या. एका शेतकऱ्याची जमीन दोन गावांत असू शकते. त्याने दुसरा अर्ज भरला तर तो डुप्लिकेट कसा?

मग करायचं काय? फॉर्म उघडतानाच सर्व्हरने त्याला एक वेगळा क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्यावर 'युनिक'चं बंधन घालावं. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंदही नको आणि लाल अक्षरातला एररही नको. पहिलीच पावती परत द्यावी. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढा कोड पुरत नाही, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं.

यालाही मर्यादा आहे. फॉर्म नव्याने उघडला की क्रमांक नवा. तिथे गट नंबर, पीक, हंगाम जुळतात का ते पाहावं आणि सरळ विचारावं, 'असा अर्ज आधीच आहे, तरी भरायचा?'

तुम्ही प्रोग्रॅमर असाल तर एवढं लक्षात ठेवा: नेट गेल्यावर माणूस पुन्हा दाबणारच. ते धरूनच फॉर्म बनवा.