लावणी आणि कॅमेऱ्याची पाटीलकी
भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातील विठाबाई फडात उभ्या राहत, तेव्हा प्रेक्षकाला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागे. फडातली बाई सवाल टाकी, टोमणा मारी, उलट जबाब देई. गाण्याच्या व्हिडिओत कॅमेरा आधी कंबर घेतो, मग पाठ, मग ओठ. अख्खी बाई दाखवतच नाही. तुकड्यांना जबाब देता येत नाही. दलित-भटक्या स्त्रीच्या देहावर हक्क सांगणारी जुनी पाटीलकीच आता हिंगोलीच्या पोराच्या मोबाईलमध्ये शिरली आहे. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची परश्याकडे रोखून पाहते, कॅमेरा तिच्या बाजूने राहतो. पण आर्ची पाटलाची लेक आहे. रोखून पाहण्याचा तोच हक्क फडातल्या बाईच्या लेकीला पडदा कधी देणार? करमणूक म्हणून चळवळीने हा प्रश्न सोडून देता कामा नये.