घरोट आणि ओवी

बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांविषयीं लिहितांना आमचे टीकाकार बहुधा त्यांतील जीवनदृष्टीपाशींच थांबतात. फार झालें तर चरणांचीं आठ आठ अक्षरें मोजतात, आणि जात्यावरची ओवी श्रमपरिहारासाठीं असते, असें म्हणून पुढें जातात. हा निर्वाळा आम्हांस अर्धाच खरा वाटतो.

जळगांवाजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या या कवयित्रीनें जात्यालाच, म्हणजे घरोटाला, उद्देशून गाणें रचलें आहे. घरोटावर दोघीजणी समोरासमोर बसल्या, तरी खुंटा एकच. एकीचें ढकलणें तें दुसरीचें ओढणें. एक घाईची, दुसरी संथ. पण दोनचार फेऱ्यांत एक चाल ठरते, आणि ती दोघींपैकीं एकटीची कुणाचीच नसते.

१६६५ सालीं हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांत हेंच पाहिलें. लंबक उलट दिशांस जात, पण एका चालीनें. आधाराचा सूक्ष्म कंप त्यांना जोडीत होता. १९७५ सालीं जपानच्या कुरामोतो यांनीं अशा अनेक आंदोलकांचें गणित मांडलें. चालींतील फरकाच्या मानानें परस्परांची ओढ पुरेशी झाली, कीं ताल धरणारा कोणी नसतांही मेळ जमतो. कोणाचा धागा कोणाशीं जुळला आहे, यावरही तो मेळ अवलंबून असतो, असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें.

ओवी हा या मेळांतील तिसरा भागीदार होय. दाणा टणक लागला कीं सूर लांबतो. ओवी रंगली कीं हात झपझप चालतात. येथें गाणें श्रमाचें दास नव्हे, धनीही नव्हे.

निरक्षर बहिणाबाईंचीं गाणीं सोपानदेवांदि आप्तांनीं टिपून ठेवलीं. बाई १९५१ सालीं वारल्या आणि १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें आलीं. हे उपकार थोर आहेत, आणि त्यांतील अर्थ व प्रतिमा कागदावरही जिवंत आहेत. परंतु तालापुरतें बोलावयाचें तर आमच्या हातीं दोहोंपैकीं एकच घड्याळ आलें आहे. अक्षरें मोजून दुसऱ्याची चाल कशी कळावी?

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या. जळगांव, धुळें व नंदुरबार यांसाठीं असलेल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचें नांव आहे. तेथील अभ्यासकांस आमची एकच विनंती. गिरणीनें घरोट कोपऱ्यांत बसविला, तरी ज्या वृद्ध हातांना तो अद्याप ठाऊक आहे, त्यांच्या लेवा बोलींतल्या व अहिराणींतल्या ओव्या घरोटाच्या घरघरीसह टिपून घ्याव्यात. ती घरघर गाळून केलेला संग्रह कितीही मोठा झाला, तरी ओवीच्या तालाचा निवाडा त्यावरून करतां येणार नाहीं.