नांदेडचा स्वर, लातूरचा स्वर

जर्मनीतल्या वेट्झेलला जमिनीखाली चार मीटर बाजूचं एक चौकोनी वलय आडवं बसवलेलं आहे. चार कोपऱ्यांत चार आरसे, आणि त्यांच्यावरून फिरणारे लेसरचे दोन किरण, एक डावीकडून, एक उजवीकडून. पृथ्वी थांबली असती तर दोघांची कंपनसंख्या एकच राहिली असती. पण ती वळते, आणि वळणासोबत जाणाऱ्या किरणाला फेरा किंचित लांब पडतो, उलट जाणाऱ्याला किंचित आखूड. जॉर्ज सान्याकनं १९१३ साली दाखवलेला हा परिणाम. दोन्ही किरण एकत्र आणले, की नकळत उतरलेल्या तंबोऱ्याच्या तारांतून उठावीत तशी आंदोलनं उठतात. वेट्झेलला ती सेकंदाला सुमारे ३४८. कानाला ऐकू येईल असा हा आकडा आहे, पेटीवर जवळपास पांढरी चार! आकाशातला तारा नको, क्षितिज नको. बंद खोलीत पृथ्वीचं फिरणं स्वर होऊन हाती येतं. मोजमापाच्या शास्त्रात याहून देखणी रचना मला ठाऊक नाही.

आणि हा स्वर गावागणिक बदलतो. आडव्या वलयाच्या वाट्याला किती फिरणं येणार, ते अक्षांशावर ठरतं: ध्रुवावर सगळं, विषुववृत्तावर शून्य. तेच वलय नांदेडला मांडलं तर, गणित सांगतं, आंदोलनं सुमारे १५१ होतील, म्हणजे खालच्या सप्तकात पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मधे. लातूर थोडं दक्षिणेला, तिथे १४५, पांढरी दोनला जेमतेम कमी. एवढ्याशा अंतरात सहाएक आंदोलनांचा फरक, आणि तो स्पष्ट ऐकू यावा इतका.

नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राची अंतिम मंजुरी २०२३ची. तिथेही लेसरच, पण चार-चार किलोमीटरच्या काटकोनी भुजांत प्रकाश जातो त्याच वाटेनं परततो. वाटेनं काही वेढलंच नाही, म्हणून फिरणं तिच्या वाचनात येत नाही. वलयाचा सगळा रस वेढलेल्या क्षेत्रफळात, तर लायगोचा ते न वेढण्यात. नामदेवांच्या कीर्तनाकडे देऊळच वळल्याची कथा याच औंढ्याची, म्हणून तिथेच फिरणं न टिपणारं यंत्र, हा विरोध मला विशेष भावतो.

तरी लायगोलाही फिरण्यापासून पूर्ण सुटका नाही. जमीन किंचित कलली, तर भूकंपमापकाला ती आडवी सरकल्यासारखी वाटते. कल आणि सरकणं वेगळं करायला फिरणं स्वतंत्र मोजावं लागतं. वेट्झेलच्याच बव्हेरिया राज्यात फुर्स्टनफेल्डब्रुकला बारा मीटर बाजूची त्रिकोणी वलयं चतुष्फलकात रचली आहेत. ती जमिनीचं तिन्ही अक्षांभोवतीचं फिरणं टिपतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन भूकंपानं हादरली. भूकंपमापक सांगतात ते वरखाली, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण हलणं. जमीन वळली किती, हे वलय थेट सांगू शकतं. असं एक वलय लातूर जिल्ह्यात असावं, असं मला मनापासून वाटतं.