टोपली भरलेली असताना लढायचं कसं?

(चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी जरा चुळबुळ करताहेत, ते आम्हाला दिसतंय. पाच मिनिटं थांबा, एवढीच विनंती. विषय तुमच्याही ओळखीचा आहे.

मोहाचे दिवस आठवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, नीट दिसायच्या आत, टोपली घेऊन झाडाखाली जायचं. उशीर केला तर गळलेली फुलं दुसरं कोणी वेचतं, नाहीतर जनावरं खाऊन जातात. आणि मोह अस्वलालाही आवडतो. आता टोपली अर्धी भरली आहे आणि झुडपात काहीतरी खसफसलं. आणखी दोन ओंजळी वेचायच्या, की निघायचं? भरलेली टोपली घेऊन पळता येत नाही. टाकून पळालं तर सकाळ वाया गेली.

इथल्या माणसासाठी हा जिवाचा प्रश्न आहे आणि गेममध्ये फार तर एक संध्याकाळ जाते. दोन्ही एका तागडीत घालायचं आमच्या मनात नाही. पण निर्णयाची रचना तीच आहे. आज ज्याला आपण अॅक्शन आरपीजी म्हणतो, त्या गेमच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. राक्षस मारायचे, ते पडले की त्यांच्याकडची शस्त्रं, चिलखतं, औषधं उचलायची, त्यांच्या जोरावर मोठे राक्षस मारायचे. उचलतो त्या मालाला खेळणारी पोरं लूट म्हणतात. लढाई आणि लूट, अशी ही दोन चाकं आहेत. गेम अवघड असला की ती एका गतीने फिरणं फार गरजेचं होतं, आणि बऱ्याच गेममध्ये ती फिरत नाहीत.

आता दुसरं काम आठवा, तेंदूपत्त्याचं. जंगलात पानं तोडून झाली की काम संपत नाही. घरी येऊन सत्तर-सत्तर पानं मोजायची, पुडे बांधायचे. अख्खं घर बसतं. पण त्या बांधणीचे पैसे मिळतात. गेममध्ये तासभर लढून झाल्यावर पुढचा अर्धा तास बॅगेतला माल निवडायचा, विकायचा, मोडीत काढायचा, या पुडे बांधण्याचे पैसे कोण देतं?

तर आमचं आजचं म्हणणं एवढंच. लुटीचा निर्णय मोहाच्या झाडाखाली झाला पाहिजे, म्हणजे धोका समोर असताना. धोका टळल्यावर घरी बसून मोजणी करायला लावणारा गेम खेळणाऱ्याचा वेळ खातो. या एका कसोटीवर आपण काही गेम घासून बघू.

सुरुवात अर्थातच डायब्लोपासून. पहिला डायब्लो १९९६च्या अखेरीस आला, दुसरा २००० साली. डायब्लो २मध्ये बॅग म्हणजे आडवी दहा आणि उभी चार, अशी चाळीस घरं. तलवार, चिलखत, प्रत्येक वस्तू आपल्या आकाराएवढी घरं अडवते. नुसतं एवढंच असतं तर ती पेटी भरण्याची कसरत झाली असती. पण २००१च्या विस्तारात त्यांनी ताईत आणले. हे ताईत अंगावर घालायचे नसतात, ते बॅगेत नुसते असले की तुमची ताकद वाढते. लहान ताईत एक घर घेतो, सगळ्यात मोठा तीन. म्हणजे बघा, जितके ताईत भराल तितके लढाईत बलवान, आणि तितकीच लूट उचलायला जागा कमी. हे आम्हाला त्या गेममधलं सगळ्यात हुशार काम वाटतं. रिकामी जागा हीच तिथे किंमत झाली, आणि ती किंमत लढाईच्या चलनात मोजली गेली.

त्याच गेममध्ये मेलात तर अंगावरचं सामान प्रेताजवळ राहतं. मग उघड्या अंगाने त्याच राक्षसांमधून धावत जाऊन ते परत आणायचं. आम्ही हे किती वेळा केलंय त्याची मोजदाद नाही. चीड यायची. पण त्या धावण्यात प्रत्येक कोपरा लक्षात राहायचा, कारण काय गमावलं ते ठाऊक असायचं.

पुढे २०११ साली डार्क सोल्स आला. अवघड गेम म्हटलं की आज पोरं पहिलं नाव हेच घेतात. त्याने वेगळा मार्ग काढला. पिशवीत हवं तेवढं ठेवा, अडवणार कोणी नाही. वजन मोजलं जातं ते फक्त अंगावर घातलेल्या सामानाचं. क्षमतेच्या पाव हिश्शापर्यंत वजन असेल तर चपळ लोळण घेता येते. अर्ध्यापर्यंत मध्यम. अर्ध्याच्या वर गेलात की माणूस गोणीसारखा आपटतो. म्हणजे जाड चिलखत घातलं तर घाव कमी लागेल, पण घाव चुकवणं अवघड होईल. इथे सामानाचा निर्णय म्हणजेच लढण्याची पद्धत. शिवाय तिथे बॅग उघडली तरी खेळ थांबत नाही. निवडत बसायचं असेल तर आधी सुरक्षित जागा शोधा.

आणि मिळवलेले सोल्स, म्हणजे तिथला पैसा आणि अनुभव दोन्ही, मेल्यावर जागेवर पडतात. परत आणायची एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर गेले. आता विचार करा. खिशात मोठी रक्कम आहे, समोर धुक्याचं दार आहे, आत बॉस आहे. मागे फिरून खर्च करायची, की तशीच आत न्यायची? हीच मोहाची अर्धी भरलेली टोपली.

मग २०१७मध्ये निओह आला. जपानच्या टीम निंजाचा हा गेम आम्हाला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्यावर रागही आहे. लढाई अप्रतिम. तलवार वरून, मधून, खालून धरायच्या तीन पद्धती, वार केल्यावर दम परत मिळवायची नेमकी वेळ, सगळं घोटून तयार करावं लागतं. आणि या लढाईवर त्यांनी डायब्लोसारखा लुटीचा पाऊस पाडला. एका मोहिमेतून परतलात की ढीगभर तलवारी, भाले, शिरस्त्राणं. त्यातल्या बहुतेक कालच्यापेक्षा आकड्याने थोड्या मोठ्या. मग बसा निवडत. देवळीजवळ काही वाहा, लोहाराकडे काही मोडा. यातला एकही निर्णय पुढच्या लढाईची पद्धत फारसा बदलत नाही. हात जे शिकला ते तलवारीच्या आकड्याशी बांधलेलं नाही, आणि तरीही आकडा सतत लक्ष मागतो. लढाई जंगलातली आणि लूट मोजणीची, असा हा संसार आहे.

कोणी म्हणेल, निवडायला मजा येते हो. आम्हालाही येते. ढिगातून एखादी दुर्मीळ वस्तू हाती लागली की डोळे चमकतात, तो आनंद खोटा नाही. आमची तक्रार ढिगाच्या आकाराची आहे. पाथ ऑफ एक्झाइल या २०१३च्या गेमचं उदाहरण घ्या. न्यूझीलंडच्या लोकांनी केलेला, अतिशय खोल गेम. त्यात जमिनीवर इतका माल पडतो की खेळणारे लूट फिल्टर लावतात, म्हणजे पडलेल्या मालातला बहुतेक दिसूच नये अशी नियमावली. जो माल लपवल्याशिवाय खेळताच येत नाही, तो पाडायचा कशाला? ही टीका आम्ही करायची गरजच नाही, खेळणाऱ्यांनी ती फिल्टर लिहून केली आहे.

त्याचा दुसरा भाग डिसेंबर २०२४मध्ये लवकर-प्रवेशाच्या स्वरूपात खुला झाला. लढाई संथ आणि कडक केली, घाव चुकवायला लोळण दिली. शेवटच्या टप्प्यातल्या नकाशांमध्ये सुरुवातीला एकच संधी होती. मेलात की नकाशा बंद, जमिनीवर राहिलेली लूट गेली. यावर बरीच ओरड झाली, पुढे त्यांनी नियम सैल केला. आमचं मत विचाराल तर नियम कडक होता ही चूक नव्हती. चूक अशी की पडद्यावर इतका गोंधळ असायचा की कशाने मेलो तेच कळायचं नाही. अस्वल दिसलं आणि तरी थांबलो, तर दोष आपला. अस्वल दिसलंच नाही, तर त्याला शिक्षा म्हणायचं की अपघात?

आता एक साधा उपाय सांगतो, जो आम्हाला फार आवडतो. २००९चा टॉर्चलाइट. त्यात तुमच्यासोबत कुत्रा किंवा मांजर असतं. त्याच्या पाठीवर नको असलेला माल लादायचा आणि गावात पाठवायचं. ते माल विकून पैसे घेऊन परत येतं. तुम्ही भुयारातच राहता. पण ते जनावर तुमच्या बाजूने लढतही असतं. म्हणजे ते बाजाराला गेलं की तेवढा वेळ तुम्ही एकटे. आत्ता पाठवू की पुढची खोली साफ झाल्यावर? विक्रीचं रटाळ काम त्यांनी लढाईचा डाव करून टाकलं. डार्क सोल्सइतका अवघड गेम नाही तो. पण ही युक्ती अवघड गेमवाल्यांनी उचलायला हवी होती.

आता पैशाची गोष्ट, कारण इथे बसलेली बहुतेक पोरं मोबाइलवर खेळतात. २०१२च्या डायब्लो ३मध्ये लिलावघर होतं. खरे पैसे देऊन लूट विकत घेता यायची. मार्च २०१४मध्ये ते बनवणाऱ्यांनीच बंद केलं, कारण राक्षस मारून लूट मिळवायची हा खेळाचा गाभाच त्याने पोखरला होता. धडा मिळाला म्हणायचं, तर २०२२मध्ये मोबाइलवर डायब्लो इमॉर्टल आला. त्यात पैसे देऊन मौल्यवान रत्नं मिळण्याची शक्यता वाढवता येते. शक्यता, बरं का. वस्तू नव्हे. लूट-पेट्यांवरच्या कायद्यांमुळे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो आणलाच नाही. आमच्या कसोटीवर याचा अर्थ असा, की इथे धोका झाडाखालून उठून बापाच्या खिशात गेला.

आणि शेवटी घरचा गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी', २०२०मध्ये आला. काटेकोर बोलायचं तर तो आरपीजी नाही, साहसकथा आहे. पण आपल्या मातीतल्या लोकांनी लढाईचा गेम करताना लुटीचं काय केलं, हे बघण्यासारखं आहे. राजी ही सर्कशीतली मुलगी, हरवलेल्या गोलू या भावाला शोधत असुरांशी लढते. तिला त्रिशूळ मिळतो, धनुष्य मिळतं, तलवार-ढाल मिळते. ही शस्त्रं देवांची देणगी म्हणून कथेच्या ठरलेल्या जागी मिळतात. जमिनीवर लुटीचा ढीग नाही, बॅग नाही, विक्री नाही. लहान चमूने हा निर्णय घेतला हे आम्हाला शहाणपणाचं वाटतं. भिंतीवर धावत जाऊन, खांबाला गिरकी घेऊन वार करणं, यावर सगळं लक्ष राहतं.

पण एक उणीव आहे आणि घरचा गेम म्हणून ती लपवायची नाही. शस्त्रांना वीज, अग्नी, हिम अशा शक्ती देता येतात आणि त्यांचे गुण हवे तेव्हा इकडून तिकडे फिरवता येतात. फिरवण्याला काही किंमत नाही. त्यामुळे चुकीचा निर्णय असा होतच नाही, आणि मग बरोबर निर्णयाचाही आनंद पातळ होतो. मोजणीचं काम त्यांनी काढलं ते उत्तम केलं. सोबत टोपलीही काढून टाकली.

हे सगळं आम्ही चिचगडला येऊन का सांगतोय? कारण वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर आणि मोकळी रात्र आहे, त्याला अर्धा तास बॅग आवरायला परवडतं. ज्याला भावाकडून फोन तासभरच मिळतो, त्याचा अर्धा खेळ मोजणीत जातो. गेमच्या परीक्षणात चित्रं, आवाज, कथा यांना गुण मिळतात. तासातली किती मिनिटं खरोखर खेळण्याची होती, हे फारसं कोणी लिहीत नाही. आम्ही यापुढे लिहिणार आहोत, आणि तुम्हीही मोजून बघा.

(प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न इथे दिला आहे. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "मला गेम बनवायचा आहे, पण सुरुवात कुठून करू?")

कागदावरून करा. खरंच. दहा बाय दहाची चौकट आखा. काही घरांत मोह ठेवा, एका घरात अस्वल. टोपलीत तीन ओंजळी होईपर्यंत एका डावात दोन घरं चालता येईल, त्याच्यावर गेलं की एकच. अस्वल फाशाने हलेल, पण ते कुठे आहे हे खेळणाऱ्याला कायम दिसलं पाहिजे. घरी आजी असेल तर तिला खेळायला बसवा. ती जिथे म्हणेल की "असं कोणी करत नाही", तो नियम बदला. आम्ही पुढच्या खेपेला आलो की तो कागद आम्हाला दाखवा, आम्ही खेळू.