सटवाई आणि तीन फासे

पत्रिकेत राहू सगळ्यांच्याच असतो. आमच्या तो पत्त्यातही आहे. मुक्काम पोस्ट राहू, तालुका दौंड, जिल्हा पुणे. इथल्या शाखेत बदली झाली तेव्हा नातेवाइकांनी आधी शांत करण्याचा खर्च विचारला आणि मग एस.टी.च्या वेळा. विंशोत्तरीच्या हिशेबात राहूची महादशा 18 वर्षांची. बँकेत ती त्या मानाने लवकर आटोपते. गाव मात्र नावाला अजिबात जागत नाही. चोहीकडे ऊस, गुऱ्हाळांचा गोडसर धूर, आणि गिऱ्हाईक वहीबरोबर कधीमधी काकवीची बाटलीही पुढे सरकवते. तेव्हा दैव, ग्रह आणि फासे यांवर बोलण्याचा अधिकार मला पिनकोडासकट मिळालेला आहे.

तो बजावायची वेळ भाच्याने आणली. दिवाळीत तो पुण्याहून आला तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ घेऊन. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी 1974 साली तो काढला. यात एकजण सूत्रधार. तो सांगतो, समोर भुयार आहे आणि आत काहीतरी घोरतंय. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने सांगायचं, आपण आत जाणार की घरी. थोडक्यात, तमाशातली बतावणी. फक्त मावशीच्या जागी अजगर.

पण खेळाच्या आधी पात्र जन्माला घालावं लागतं. नाटकाचं परीक्षण सगळेच लिहितात. मी या बाळंतपणाचं लिहितो आहे.

मूळ रीत अशी. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप असे सहा गुण. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 18. पहिल्या पुस्तकात तर फासे खेळाडूने टाकायचेच नव्हते, सूत्रधाराने टाकायचे होते. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे लगेच ताळेबंद मांडला. तीन फासे 216 प्रकारे पडतात, त्यात 18 फक्त एकदा. सरासरी साडेदहा. सहाही गुणांची मिळून 63. सगळ्यात जास्त वेळा येतात ते 10 आणि 11. म्हणजे हा खेळ मुळात शूरवीरांचा नसून कारकुनांचा आहे, हे मला पहिल्याच पानावर समजलं आणि मी मांडी घालून बसलो.

माझं पात्र असं पडलं: बळ 6, बुद्धी 11, शहाणपण 9, काटकपणा 14, चपळाई 8, छाप 5. एकूण 53. काटकपणा आणि बुद्धी सोडली तर सगळीकडे तूट. सौ. मागून वाकून म्हणाली, "फोटो लावायची गरज नाही." भाचा हळहळला.

"मामा, पुन्हा टाक ना. चालतं."

"का? पडलं ते पडलं."

"अरे पण असल्या माणसाचं करायचं काय?"

हा प्रश्न मी आधी ऐकलेला आहे. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी तो घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने विचारला होता.

पुढे कळलं की भाच्यासारखी हळहळ अमेरिकेतही झाली होती. 1979 च्या सूत्रधाराच्या पुस्तकात नवी सवलत आली: चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडून द्या. सरासरी झाली सव्वाबारा. पूर्वी 100 पात्रांत एखादा तरी 18 असलेली जेमतेम तीन निघायची, आता नऊ निघू लागली. याला आम्ही बँकेत महागाई म्हणतो आणि शाळेत 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. 2014 च्या आवृत्तीत तर फासे नकोच असतील तर ठरलेले आकडेच घ्या अशी सोय आहे: 15, 14, 13, 12, 10, 8. कुठे कोणता ते तुम्ही ठरवा. उलट 1977 च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या खेळात फासे इतके कडक, की पात्र तयार होता होताच मरू शकतं. खातं उघडायच्या आधीच खातं बंद.

ठरलेल्या आकड्यांवर माझा राग नाही. न्याय आहे त्यात. पण भाच्याच्या मित्रांनी त्या रीतीने केलेली चार पात्रं मी पाहिली. चौघांचंही बळ 15, चौघांचीही छाप 8. लग्नाच्या स्थळांचे फोटो असावेत तसे. माणूस वेगळा, कोट तोच. स्वतःला निवडायला सांगितलं की माणूस स्वतःला सोडून दुसरंच कुणीतरी निवडतो, आणि सगळे एकच दुसरं कुणीतरी निवडतात.

मनासारखं येईपर्यंत फासे टाकत राहणं मात्र मला मान्य नाही. टॅली लागेपर्यंत नोंदी बदलाव्यात त्यातलाच तो प्रकार.

पण मूळ रीतीचा खरा गुण वेगळाच आहे. आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते. बाई बिचारी सरळ आहे. तिची गैरसोय नको म्हणून कोरा कागद आणि लेखणीसुद्धा आपण ठेवतो. फक्त ती येते तेव्हा सगळे झोपलेले असतात. साक्षीदार नाही. मग सकाळी उठून जो तो आपलं व्हाउचर आपणच लिहितो. ज्याला 18 पडले तो लिहितो 'स्वकष्टार्जित'. ज्याला 5 पडले त्याच्या नावावर दुसरे कुणीतरी लिहितात 'आळशी'.

आमच्या काउंटरसमोर हे रोज दिसतं. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. एका टोळीबरोबर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. अख्ख्या टोळीच्या पैसे काढायच्या स्लिपा तो भरायचा. अक्षर टपोरं, बेरीज तोंडी. त्याची शाळा गावाकडे आणि तो इथे फडात. रांगेत मागे उभे असलेले एक नदीकाठचे बागायतदार मला म्हणाले, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही हो. आम्ही बघा, कष्टानं वर आलो." कष्ट त्यांनी केले होते, खोटं नाही. पण नदी त्यांनी आणली नव्हती. त्या पोराची बुद्धी सरळ 18 होती. पडले ते बाकीचे फासे. मी स्लिपा पास केल्या. शिक्का जरा जोरात मारला, एवढंच.

खेळात हे चालत नाही. फासे चारचौघांत पडतात. कुणाला काय मिळालं आणि ते कसं मिळालं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. भाच्याच्या मित्राला 17 बळ मिळालं, तो खूश झाला, पण छाती फुगवता आली नाही. सगळ्यांच्या देखत तीन हाडकांनी दिलेलं ते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पडत्या आकड्यांच्या माणसाला रात्रभर कोपऱ्यात बसवून ठेवलं तर तो कसला खेळ? इथे फाशांची जबाबदारी संपते आणि सूत्रधाराची सुरू होते. माझ्या पात्राला तलवार उचलेना. तेव्हा सूत्रधार म्हणाला, भुयारात अंधार आहे, मशाल कोण धरणार? जेजुरीला दिवटी धरणाऱ्याला कुणी 'तुझं बळ किती' असं विचारत नाही. चार शूरवीर माझ्या चालीने, माझ्या काटकपणाच्या भरवशावर चालले. मी थांबलो की थांबले. अजगर त्यांनीच मारला. पण तो कुठे आहे ते दाखवलं कुणी?

तेव्हा शिफारस: तीन फासे, ओळीने, एकदाच, सगळ्यांसमोर, आणि सूत्रधार असा बघावा की ज्याला 5 चं काय करायचं हे कळतं. भाच्याच्या मंडळीत आता तशीच रीत आहे. आकडे मोठ्याने वाचतात आणि पात्राच्या कागदाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. सह्यांची कल्पना माझी. कागद कोरा सोडायचा नाही, ही आमच्या खात्याची सवय.