‘शेतकऱ्याचा असूड’मधील शेतीविचार आणि शाश्वत अन्नोत्पादन : एक चिकित्सा

बीजशब्द : महात्मा फुले, मृद्संधारण, जलवाटप, कृषिधोरण, शाश्वतता

प्रास्ताविक

महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ प्रामुख्याने धर्मचिकित्सेचा आणि नोकरशाहीवरील कठोर टीकेचा ग्रंथ म्हणून वाचला जातो. पहिल्या चार प्रकरणांतील आवेश पाहता हे स्वाभाविकच आहे. तथापि पाचव्या प्रकरणात फुले उपाययोजनेकडे वळतात आणि माती, पाणी, कुरण व जनावरे यांचा एकत्रित विचार मांडतात. अन्नोत्पादनाच्या दीर्घकालीन टिकाऊपणाच्या दृष्टीने या विचाराचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नापिकीची मीमांसा

1875 चे दख्खनचे दंगे, 1876-78 चा दुष्काळ आणि 1878 चा वन कायदा ही या ग्रंथाची पार्श्वभूमी होय. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या आळसावर वा उधळपट्टीवर फोडणारे स्पष्टीकरण फुले नाकारतात. डोंगरावरील पालापाचोळा व शेणखत पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत असे. गायराने व राने जंगल खात्याकडे गेल्यावर जनावरे घटली, खत घटले. जमिनीवरील भार वाढल्याने शेते आलटून पालटून पडीक ठेवण्याची सोय उरली नाही, अशी कारणपरंपरा ते मांडतात. जमिनीचा कस टिकवणारी व्यवस्था शेताच्या बांधाबाहेरही पसरलेली असते, हे सूत्र त्यातून हाती लागते. सारावाढ आणि नापिकी यांना एकाच साखळीत गुंफणारी ही दृष्टी त्या काळी असामान्य म्हणावी लागेल.

उपायांची दोन अंगे

फुल्यांच्या उपायांत दोन अंगे दिसतात. पहिले अंग संवर्धनाचे आहे. पोलीस व लष्करातील शिपायांकडून तालीवजा बंधारे घालून पावसाचे पाणी शेताशेतांत मुरवावे, तलाव व नद्यानाल्यांतील गाळ शेतकऱ्यांना विनामूल्य नेऊ द्यावा, पाणाड्यांच्या साहाय्याने झरे शोधून त्यांची नकाशांत नोंद करावी, या सूचना त्यात येतात. दुसरे अंग मर्यादेचे आहे. कालव्याचे पाणी क्षेत्राच्या प्रमाणात, तोटीने मोजून द्यावे आणि कोणासही गरजेपेक्षा अधिक पाणी घेता येऊ नये, असा त्यांचा आग्रह आहे. गायराने परत करण्याची मागणी करतानाही ते विक्रीसाठी होणाऱ्या वृक्षतोडीला मनाई सुचवतात. संवर्धन आणि संयम यांची ही सांगड हा त्यांच्या धोरणविचाराचा गाभा होय.

महाराष्ट्राच्या अलीकडील धोरणांनी यातील पहिले अंग उचलले. 2014 मध्ये सुरू झालेले ‘जलयुक्त शिवार अभियान’ आणि 2017 मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यांचे फुल्यांच्या सूचनांशी असलेले साम्य उघड आहे. मात्र 2020 मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने जलयुक्त शिवारवर 9,633.75 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात अल्प यश आल्याचे नोंदवले. मुरवलेले पाणी किती व कोणत्या पिकासाठी उपसावे, हा प्रश्न बाजूला राहिल्यास याहून निराळे फलित संभवत नाही. लागवडीखालील सुमारे 4 टक्के क्षेत्रावरील ऊस राज्याच्या सिंचनाचे जवळजवळ 70 टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगानेही नमूद केले होते. बंधाऱ्यांची संख्या वाढवणे राजकीयदृष्ट्या सोपे असते. तोटी बसवणे अवघड असते. धोरणातील ही निवड ज्वारी, बाजरी व कडधान्ये पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुळावर येते.

मर्यादा

फुल्यांचा विचार निर्दोष होता, असे मात्र म्हणता येणार नाही. विहिरी खोदणाऱ्यांना बक्षिसे देण्याची त्यांची सूचना मोटेच्या युगातील आहे. उपशाचा वेग बैलाच्या शक्तीने बांधलेला असताना ती सुरक्षित होती. विद्युतपंपाच्या काळात ती तशीच स्वीकारता येत नाही. दुसरे असे की, पाण्याचे माप ते जमिनीच्या क्षेत्राशी जोडतात. परिणामी ज्याला जमीनच नाही, त्याचा पाण्यावरील हक्क त्यांच्या योजनेत येत नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा विचार करणाऱ्या ग्रंथातील ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ही उणीव पुढे एका प्रयोगाने भरून काढली. फुले घराण्याचा ज्या खानवडीशी संबंध होता, त्याच पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तेथे पाण्याचा वाटा क्षेत्राऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. फुल्यांच्या तोटीला सामाजिक न्यायाचे अधिक व्यापक माप येथे लाभले.

समारोप

सारांश, ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ कृषिधोरणाच्या अभ्यासकांनी पाचव्या प्रकरणासह समग्र वाचावयास हवा. पाणी अडवण्याच्या सूचनांसाठी फुल्यांचा दाखला देणे आणि पाणी मोजून देण्याच्या त्यांच्या आग्रहाविषयी मौन पाळणे, हे त्यांच्या विचाराचे अर्धे वाचन होय. अन्नोत्पादनाची शाश्वतता पाण्याच्या साठ्याइतकीच त्याच्या न्याय्य वाटपावर अवलंबून आहे.